पिवळा फोन आणि अक्काचं दूध

अंथुर्ण्याच्या आमच्या घरातला जुना फोन आणला तेव्हा पांढराशुभ्र होता. पुढं तो हळद लागल्यासारखा पिवळा पडला. लोकांना तो मळ वाटतो, आणि ते बिचारे साबणानं घासत बसतात. प्लॅस्टिकनं चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. उजेडानं, उष्णतेनं ती बिघडतात, प्लॅस्टिकही बिघडतं, आणि रंग पालटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून कडक उन्हात ठेवलं की तो पिवळेपणा उतरतो. हे मला कळतं, कारण रसायनशास्त्र शिकवूनच मी पोट भरतो.

आणि मिरवायची हौस. जुन्या वस्तू उजळवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मला आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकायचे होते, बाकी काही नाही.

बारामतीतल्या माझ्या फ्लॅटला ऊन लागत नाही. म्हणून पणदऱ्याला थोरल्या बहिणीकडं गेलो. पेरॉक्साइडचा कॅन कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उचललेला, रजिस्टरला नोंद न करता. वरची कॉलेजची चिठ्ठी मी घरूनच खरवडून काढली होती. म्हणजे आपण काय करतोय हे मला पक्कं ठाऊक होतं.

अक्काच्या गच्चीवर पारदर्शक डब्यात फोनचं सुटं केलेलं कवच बुडवलं आणि दर अर्ध्या तासानं उलटत राहिलो. उरलेलं पेरॉक्साइड थंड सावलीत ठेवावं लागतं. अंगणात सगळ्यात थंड जागा गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथं अक्का दुधाच्या किटल्या ओल्या पोत्याखाली ठेवायची. मी शहाण्यानं कॅन तिथंच सरकवला.

संध्याकाळच्या धारा झाल्या आणि गावच्या दूध डेअरीचे सचिव कशासाठी तरी डोकावले. सहज म्हणून त्यांनी पोतं उचललं. कॅनवरचं रसायनाचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. दूध नासू नये म्हणून काही लोक त्यात हेच घालतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

"हे कुणाचं हाय?"

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. नोंद, प्राचार्य, नोकरी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणालो, "मला काय माहीत? मी आत्ताच आलोय."

अक्कानं सचिवांच्या हातातलं पोतं घेऊन परत किटल्यांवर टाकलं. मग म्हणाली, "माझं हाय. म्हशीच्या खुराला जखम झालीया, त्याला आणलंय."

म्हैस समोरच उभी होती, चारी पायांनी धडधाकट. सचिवांनी तिच्या पायांकडं पाहिलं आणि किटलीतल्या दुधाचा नमुना बाटलीत घेतला. नमुना तपासून येईपर्यंत तुमचं दूध घेता येणार नाही, एवढं सांगून ते गेले. लग्न होऊन आल्यापासून अक्का त्या डेअरीला दूध घालत होती, आणि तिच्या दुधाकडं कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं. गच्चीवरचा फोन मी विसरलोच. दुसऱ्या दिवशी तो न उलटता तसाच उन्हात राहिला आणि त्याच्यावर पांढरे चट्टे पडले. तेव्हा त्याचीही हळहळ वाटली, याची आज लाज वाटते.

नमुना स्वच्छ निघाला आणि दूध पुन्हा सुरू झालं. पण आता अक्का रांगेत किटली पुढं करते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, आधी तपासा, मग मापा. सचिव म्हणतात कशाला आता, पण ती तपासल्याशिवाय हलत नाही. मागं उभ्या बायका दुसरीकडं बघत राहतात. हे मला भाच्यानं सांगितलं.

तेव्हा मी गेलो. डेअरीत जाऊन सगळं खरं सांगतो, म्हणालो. ती वैरण टाकत होती, तिनं मान वर केली नाही.

"तवा बोलला असतास तर झालं असतं. आता सांगशील तर मीबी खोटं बोलले, हे कळंल सगळ्यांना. मग तपासून तरी काय उपेग?"

तिनं चहा केला, मी तो प्यालो. हल्ली पणदऱ्याला जायचं झालं, तर दूध घालायची वेळ टळून गेल्यावरच मी बारामतीतून निघतो.