शेवटची काच

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात, कुणाकडे पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानाआधी त्याच्या विहिरीत डोकावणारा माणूस एकच होता, आणि तो मावसोबा म्हणून आमच्याच वाट्याला आला होता. विहिरीच्या चिऱ्यांतून नेचे उगवतात ना, ते पाहायचे! तुम्हीआम्ही त्याला पाला म्हणतो. मावसोबांच्या लेखी ती घरची माणसं. दिवेआगरला त्यांची सुपारीची चांगली वाडी होती, पण विहिरीची कड खरवडायला सक्त मनाई. वाडीतला गडी वैतागून म्हणायचा, "काका, हिरीत पानी हाय का न्हाय त्येच दिसत न्हाय!" मावसोबा प्रसन्नपणे सांगत, "न दिसू दे. नेचे दिसतायत ना?"

त्यांचा कॅमेरा लाकडी, भात्याचा, काचेवर फोटो घेणारा. भाता लांबवून ते नेच्याच्या इतके जवळ जात की पानापाठचे ठिपके मोजून घ्यावेत. एकदा ओढ्याकाठी ते असेच पालथे पडलेले एका कोळणीला दिसले. मासळीची पाटी तिथेच टाकून तिने "अगो बाय, भट मेला!" म्हणून गाव गोळा केलं. खांदा द्यायच्याच तयारीने मंडळी धावली, तर मावसोबा मान न वळवता म्हणाले, "लांब उभे राहा रे, तुमचा वारा लागतोय पानाला." फोटोला लागणारा वेळ ते पाढ्यांवर मोजत. उन्हातल्या पानाला दोनचा पाढा, गर्द सावलीतल्याला एकोणतीसचा. एकोणतिसात ते हमखास अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, आणि काच काळीठिक्कर निघे. काचा धुवायला त्यांनी घरातली सगळ्यात अंधारी खोली, म्हणजे बाळंतिणीची, बळकावलेली. थोरली लेक बाळंतपणाला आली, तर हे दारातच उभे: "दोन दिवस ओटीवर नीज गो, आत काचा वाळतायत." असा बाप मी दुसरा पाहिला नाही. मावशीने त्या दिवशी त्यांच्या ताटात फक्त ताक वाढलं.

एका श्रावणात मात्र गंमत अंगाशी आली. पावसात आगबोटी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईहून नव्या काचा येणं शक्य नाही, आणि घरात उरली होती एकच काच. ती त्यांनी डोंगरातल्या एका नेच्यासाठी राखलेली. कातळाच्या फटीतला त्याचा कोवळा कोंब गुंडाळी सोडताना टिपायचा, म्हणून वर्षभर जीव टाकलेला. नेमकं तेव्हाच धाकटीला पुण्याचं स्थळ आलं. स्थळ नाकारण्यासारखं नव्हतंच. मी तेव्हा मावशीकडेच होतो. मुलाचे मामाही तिथेच उतरले होते आणि दुसऱ्या दिवशी निघताना मुलीचा फोटो घेऊन जाणार होते. मावशीने निक्षून सांगितलं, "ती काच माझ्या पोरीची."

सकाळी पाहते तर कॅमेराही नाही आणि नवराही नाही! "गेले! लेकीपेक्षा पाला मोठा झाला!" म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला डोंगराकडे पिटाळलं. मी धापा टाकत पोचलो, तर मावसोबा नेच्यापुढे पालथे. कॅमेरा लावलेला, भिंगावरचं झाकण मात्र जिथल्या तिथे. "बघ रे," ते हळूच म्हणाले, "आजच उलगडतोय लबाड." बराच वेळ आम्ही दोघे नुसते बघत राहिलो. मग ते उठले, भाता मिटला आणि म्हणाले, "चल, धाकटी वाट बघत असेल."

ओटीवर बसवून, शेजारी पांढरं धोतर ताणून तिच्या गालावर उजेड पाडून, त्यांनी लेकीचा फोटो नेच्याइतक्याच मायेने काढला. पण छापायला कागद कुठे होता! काचच फडक्यात गुंडाळून मामांना द्यायची ठरली. मावशीने ती उजेडात धरली आणि किंचाळलीच. काचेत सगळं उलटं दिसतं: तोंड काळं, केस पांढरेफटक! "अहो, पोरीची हडळ केलीत की हो!" मामाही दचकले, पण भला माणूस, काच छातीशी धरून घेऊन गेले. पुण्यात ती कागदावर उतरली आणि आठवड्यात होकार आला. काच मात्र तिकडच्यांनी परत दिली नाही. मुलाने ठेवून घेतली म्हणे.

तुळशीचं लग्न झालं, मग धाकटीचं. तोवर नव्या काचा आल्या होत्या. श्रीवर्धनच्या बंदरावर आगबोट उभी, वऱ्हाड तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात चढतंय, आणि धाकटी म्हणाली, "बाबा, माझा एक काढा ना. तुमच्यासाठी." ती ट्रंकेवर बसली. मावसोबांनी कॅमेरा लावला आणि डोकं काळ्या कापडात घातलं, ते बाहेर येईचना. पडावाचा तांडेल ओरडला, "आटपा वो, पानी उतरतंय!" धाकटी पापणी न हलवता बसलेली, गालांवरून मात्र धारा. शेवटी मावशी तरातरा गेली, कापडाचं टोक उचलून तिने आत पाहिलं आणि हळूच खाली सोडलं. मग कापडावरूनच त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती तांडेलाला म्हणाली, "जरा थांबा हो. त्यांचं व्हायचंय अजून."