शनिवारचे वाचन, शेवटच्या बांधीपासून

घडले ते असे :

१. गावच्या शाळेत चौथीची मुले येईनाशी झाली. बहुतेक गुरांमागे जाऊ लागली.
२. हजेरी अशीच राहिली तर वर्ग बंद होईल, असे तपासनीस सांगून गेले.
३. श्री. डोमाजींनी दर शनिवारी बापांना मुलांशेजारी बसून वाचायला बोलावले.
४. पहिली पद्धत फसली. दुसरी टिकली.
५. वर्ग चालू आहे.

डोमाजींना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट तिरोड्याजवळच्या त्यांच्या गावी, तलावाच्या काठावर झाली. मी नकाशे काढण्याचे काम शिकले आहे; तलावाच्या दुरुस्तीसाठी कचेरीने मला तेथे पाठवले होते. तो तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी केव्हा सोडायचे, हे आजही डोमाजीच ठरवतात. मोजणी संपल्यावर त्यांनी मला शनिवारी शाळेत वाचनाला यायला सांगितले.

तेथे एकाने कुरकुर केली, "बापाईच्या मधात बाई कायले जी?"

डोमाजी म्हणाले, "तुही बांधी त्याईनंच कागदावर काढली. तवा नाई बोलला तू." पुन्हा कोणी विचारले नाही.

शिवा नावाचे एक शेतकरी दारातच थांबले होते. "मले अक्षर येत नाई, काकाजी."

"पोरगा वाचंल, तू आयक," डोमाजी म्हणाले.

"अन् चुकला त मले कसं समजंल?"

"गोष्ट अडली का समजते. पाणी अडलं का समजते ना तुले?"

"ते त समजते जी," शिवा म्हणाले आणि आत येऊन बसले.

चूक झाली ती क्रमात. डोमाजींनी वाचनाचा क्रम पाण्यासारखाच लावला : तलावाजवळच्या बांधीवाल्यांची मुले आधी, मग खालची. पुस्तके थोडी, वेळ तासाभराचा. शेवटच्या बांधीवाल्यांपर्यंत पुस्तक पोहोचतच नसे. त्यांची मुले पुन्हा गुरांमागे गेली. एका शनिवारी शिवा सर्वांसमोर म्हणाले, "शाळेतबी आमी शेवटीच का, काकाजी? पाणी उरते तरी. पुस्तक त उरतबी नाई."

पुढच्या शनिवारी डोमाजींनी पहिले पुस्तक शिवांच्या मुलाला दिले आणि स्वतःच्या नातवाला सर्वांत मागे बसवले. वरच्या बांधीवाल्यांनी तक्रार केली, "अशी पाळी कुठं राहते का गा?"

"पाणी वरून खाली येते," ते म्हणाले. "वाचणं कुठूनबी सुरू होते."

मुले परत आली. तपासनीस पुन्हा आले तेव्हा वर्ग भरलेला होता. त्यांनी हजेरी पाहिली, वर्ग राहील असे सांगितले आणि चहा घेऊन गेले. त्यानंतर डोमाजी शाळेच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. मीही बसले. इतके हलके मला क्वचितच वाटले आहे.

गेल्या महिन्यात नागपुरात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली; दिसू लागले आहे. मात्र डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत विश्रांती सांगितली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि नातवंडांची मुलेही त्यांच्या शेजारी बसून वाचोत, ही इच्छा.

तोवर त्यांच्या जागी वाचन चालवण्यासाठी शनिवार त्यांच्या ओळखीच्या आपणा सर्वांना वाटून घ्यावे लागतील. ते रिकामे गेले तर वर्गाचा प्रश्न पुन्हा उभा राहील. आपण कोणता शनिवार घ्याल, ते पोळ्याच्या दिवसापर्यंत शाळेत कळवावे. जमणार नसेल तर तेही कळवावे.