मोठ्या सिस्टरांची भीती

अख्ख्या हैदराबादेत आमच्या मोठ्या सिस्टरांइतकी भित्री बाई दुसरी नसेल, आणि नव्यानं पास झालेल्या आम्हा नर्स पोरींची भीती घालवायचं काम नेमकं त्यांच्याकडे! देशानं नुकतीच बाहेरच्या मालाला दारं उघडली होती, नामपल्लीजवळच्या आमच्या खासगी दवाखान्यात परदेशी यंत्रं येऊन पडत होती. मॉनिटर किंचाळला की पेशंटच्या आधी सिस्टर स्वतःच्या छातीला हात लावायच्या. लिफ्टमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत, "अडकली तर वॉर्ड कोण बघंल, माय?" म्हणत चार मजले धापा टाकत चढायच्या. मोठ्या डॉक्टरांची चाहूल लागली की हातातली फाइल उलटी. आम्ही इंजेक्शन भरताना तर पाठीला चिकटून उभ्या. औषधाचं नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय काचेची अँप्यूल फोडू द्यायच्या नाहीत. "शाळेतल्यासारखं वाच. लाज नक्को."

मला मेलीला लाजच वाटायची. गौलीगुड्यातली मी, खानदानातली पहिली नर्स, रजिस्ट्रेशनचा कागद हाती येऊन तीन आठवडे झालेले. पेशंटच्या नातेवाइकांपुढं बाराखडी काय म्हणायची? एका सकाळी नारायणगुड्याच्या एका रिटायर मास्तरांना इंजेक्शन द्यायचं होतं. सिस्टर शेजारच्या खाटेपाशी होत्या. ट्रेच्या दुसऱ्या खणात डिस्टिल्ड वॉटर, हे हाताला पाठ. न वाचताच अँप्यूल फोडली, पावडरीत मिसळली, सिरिंज सलाइनच्या नळीला लावली. तेवढ्यात मनगटावर सिस्टरांची अशी पकड बसली की मी ओरडलेच.

"फोडलेली अँप्यूल उचल. वाच."

वाचलं. पोटॅशियम! ट्रे भरताना कुणीतरी खण बदलला होता. ते तसंच शिरेत गेलं असतं तर मास्तरांचं हृदय जागच्या जागी थांबलं असतं. नोकरी गेली, कागद गेला, संपलं सगळं.

सिस्टर मला थेट मोठ्या डॉक्टरांपुढं घेऊन गेल्या. घडलं ते सगळं माझ्या तोंडून सांगायला लावलं, आणि मग स्वतः थरथरत म्हणाल्या, "बच्ची मेरी है, साब. सिखाने में मेरीच गलती हुई. निकालना है तो मेरेकू निकालो." डॉक्टरांनी दोघींना वॉर्डात परत धाडलं. कुणालाच काढलं नाही.

नंतर चादरींच्या खोलीत मी हमसाहमशी रडले. "तुमच्यामुळं वाचले हो, सिस्टर." त्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"माझ्या वक्ताला हात धरायला कुणी नव्हतं, माय," एवढंच म्हणाल्या.

पुढं विचारायची मला भीती वाटली. वर्षभरात त्या निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, तिथंच वारल्या. इतकी वर्षं कुठल्या पेशंटचा चेहरा डोळ्यांपुढं घेऊन त्या वॉर्डात वावरत होत्या, ते विचारायचं राहूनच गेलं. फार वाईट वाटतं.