गनीभाऊ आणि नवा फॉर्म

एरंडोलला पतसंस्थेच्या दारात बसून अर्ज लिहिणारे गनीभाऊ आमच्या गल्लीतले. त्र्याण्णवला सगळ्या पतसंस्थांनी घरकर्जाचा एकच नवा फॉर्म काढला. लोक म्हणाले, आता अर्ज लिहून घ्यायला कोण येणार, गनीचा धंदा बसला. गनीभाऊंनी आठवडाभर तो फॉर्म वाचून पाठच केला.

मग खेड्यातल्या द्रौपदाबाईंचा, गनीभाऊंनीच भरून दिलेला अर्ज क्लार्कनं जुन्या सवयीनं परत केला. "सातबारा कुठंय?"

"गावठाणना घरना सातबारा कथाईन लयू, भाऊ?" आणायचा तरी कुठून, म्हणून बाई रडकुंडीला आल्या.

गनीभाऊ आत शिरले. "साहेब, अकरावा रकाना वाचा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा उतारा चालतो. मी जोडलाय."

क्लार्कनं वाचलं अन् शिक्का मारला. मॅनेजर हसले, "गनीभाऊ, उद्यापासून आत बसा. याला फॉर्म शिकवा."

द्रौपदाबाईंचं घर उभं राहिलं. धंदा बसला म्हणणाऱ्यांनो, आता बघा कोण खुर्चीत बसलंय!