विकीवरचा इतिहास

शहाडच्या एका कॉमिक्सवेड्याने मला फसवलं. जुन्या मराठी कॉमिक्सची माहिती देणारी विकी मी सहा वर्षं खपून उभी केली होती. डोंबिवलीतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा एका बोटाने टाइप केलेली. ती सारखी बंद पडायला लागली म्हणून मी आमच्या फॅन ग्रुपवर मदत मागितली. हा लगेच धावून आला.

"काका, नव्या सर्व्हरवर हलवू. इतिहासपण आणायचा का? चार दिवस जास्त लागतील."

मला वाटलं, कॉमिक्स कशी सुरू झाली ते माझं लांबलचक पान म्हणतोय. घासाघीस माझ्या रक्तातच आहे. म्हटलं, "इतिहास राहू दे रे, तो मी परत लिहीन. तू उद्या चालू करून दे."

"नक्की ना, काका?"

"अरे, नक्की!"

दुसऱ्या दिवशी विकी चालू झाली. ते पान खरंच गेलं का बघायला मी 'इतिहास' लिहिलेलं बटण दाबलं. पान कोणी लिहिलं, याची ती नोंद होती. जुनी नोंद आलीच नव्हती, पानं नव्याने त्याने चढवलेली, म्हणून तिथे त्याचं नाव होतं. दुसऱ्या पानावरही त्याचंच, तिसऱ्यावरही. माझं कुठेच नाही.

ग्रुपवर लोक त्याला सलाम ठोकत होते. मी जाब विचारला तर म्हणाला, "काका, तुम्हीच नको म्हणालात."

म्हणालो. पण असला इतिहास कोणाला परत लिहिता येतो का? माझा घोटाळा तुला तेव्हाच कळला होता की नाही, ते ग्रुपवर सगळ्यांसमोर सांग.