आधी पुरून बघ

इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातल्या त्या गावात बेरिल थर्टलला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही, कारण अर्ध्या गावाला तिनं लहानपणी जेवू घातलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं, आणि रोजची एकशे ऐंशी ताटं. एखादं ताट उचललंच गेलं नाही, तर डाव हातात घेऊन ती थेट वर्गाच्या दारात उभी राहायची. "एक पोर कमी आहे. कुठंय?" मुख्याध्यापकसुद्धा तिला टरकून असत. एकदा कोळशाच्या खोलीत रडत बसलेली एक मुलगी तिनंच हुडकून काढली होती. त्या मुलीच्या वर्गशिक्षिकेच्या तोवर ध्यानीमनीही नव्हतं.

अशी बाई निवृत्त झाल्यावर गुलाबाची कलमं लावत थोडीच बसणार? तिचा थोरला भाऊ क्लेम तिला जिल्ह्याच्या दप्तरखान्यात घेऊन गेला आणि ती तिथं चिकटली ती चिकटलीच. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळच्या बसनं जायचं, जुने कागद पुसायचे, वाचायचे, यादीत चढवायचे. पैसा एक नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांची गिचमिड अक्षरं ती भराभर वाचायची. तिथले पदवीधर तोंडात बोटं घालायचे. "आमच्या खाटकाच्या चिठ्ठ्या वाचल्यायत मी," ती म्हणायची. "पाद्री काय चीज आहे!"

क्लेमनं बीटच्या साखर कारखान्यात चाळीस वर्षं काढली, आणि पूर्वज शोधायचा नाद त्याहून जास्त वर्षं केला. आसपासच्या गावांत वंशवेली शोधणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचा तो गुरूच. त्याचे नियम दोन. पहिला, "पोराला झाडावर टांगायच्या आधी पुरून बघ." म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून नाचायचं नाही, आधी दफनांच्या नोंदी चाळायच्या आणि ते मूल तान्हेपणीच गेलं नाही ना, हे बघायचं. कितीतरी हौशी लोक महिन्याभरात गेलेल्या बाळाचे वंशज म्हणून मिरवत असतात. दुसरा नियम, पडताळा होईपर्यंत पेन्सिल, मगच शाई. बेरिलनं हे दोन्ही नियम त्याच्याकडूनच घेतले आणि त्याच्याहून कडकपणे पाळले.

क्लेमच्या स्वतःच्या वंशवृक्षाच्या शेंड्यावर मात्र राजा बसला होता. तिसरा एडवर्ड, आणि तोही शाईत. क्लेमपासून मागे बूट शिवणाऱ्या थॉमस थर्टलपर्यंत सगळं चोख होतं. हा थॉमस म्हणजेच गावाबाहेरच्या हवेलीत १६८१ साली जन्मलेला, जमीनदार थर्टलांचा धाकटा मुलगा, असं क्लेमनं धरलं होतं. त्याच्या आईकडून वाट थेट राजवाड्यात जात होती. जमीनदाराचा मुलगा बूट का शिवत बसला? तर घरचे दिवस फिरले, असं क्लेम सांगे. त्या सालांची दफनांची पानं उंदरांनी खाल्लेली होती, तेव्हा दफन सापडत नाही म्हणजे पोर जगलं, असंही तोच सांगे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर क्लेमनं त्याला मंडळातून हाकललं असतं. पण त्याच हवेलीच्या फरश्या या दोघांच्या आईनं बावीस वर्षं गुडघ्यांवर बसून घासल्या होत्या, आणि तिला पुढचं दार कधी उघडलं गेलं नव्हतं. क्लेमला राजा कशासाठी हवा होता हे बेरिल जाणून होती. खरं सांगायचं तर तिलाही तो हवाच होता.

येत्या शनिवारी क्लेमची ऐंशी पूर्ण होणार होती. गावच्या सभागृहात सव्वाशे माणसं येणार होती, हवेलीचे आताचे मालकही. सात महिने खपून क्लेमनं बारा फुटी कागदावर वंशवृक्ष रेखला होता आणि तो सगळ्यांदेखत उलगडायचा होता.

आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी बेरिलपुढं एका वकिलाच्या माळ्यावरून आलेली पेटी उघडली गेली. आत शपथेच्या चिठ्ठ्या होत्या. त्या काळी लोकर खपावी म्हणून मृताला लोकरीतच गुंडाळून पुरायचा कायदा होता आणि तसं केल्याची कुणीतरी शपथ घ्यावी लागे. सत्तेचाळिसाव्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की हवेलीच्या थर्टलांचा तान्हा मुलगा थॉमस याला निव्वळ मेंढीच्या लोकरीत पुरलं, अशी विधवा ॲलिस थर्टल शपथ घेते. खाली सहीच्या जागी फुली. बेरिलनं तारीख दोनदा वाचली. तो थॉमस जन्मला त्याच दिवशी घाईनं त्याला बाप्तिस्मा दिलेला होता. ती तारीख तिला तोंडपाठ होती. तिथपासून ही तारीख एकोणीस दिवसांवर होती.

चिठ्ठी गठ्ठ्यात परत सरकवली असती, तर दहा वर्षं कुणी बघितली नसती. क्लेम ऐंशीचा, त्यात हृदय नाजूक. शेवटी तिनं यादीत सत्तेचाळीस आकडा घातला, नाव लिहिलं, चिठ्ठीची पेन्सिलनं नक्कल करून घेतली आणि साडेतीनची बस पकडली.

क्लेम स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवत होता. "काय गं पोरी, तोंड का उतरलंय? राजाला पडसं झालं की काय?"

बेरिल एकाहत्तरची होती, पण त्याच्या लेखी पोरच. तिनं नक्कल टेबलावर ठेवली. त्यानं चष्मा लावून वाचली. किटली शिट्टी मारायला लागली तरी कुणी उठलं नाही.

"दुसरा कुणी थॉमस असेल."

"बाप तोच, हवेली तीच, साल तेच."

"आणि तुला हे नेमकं शनिवारच्या तोंडावर सापडायचं होतं!"

"माझ्या हातात होतं का ते? त्यांनी पेटी दिली, मी उघडली."

"रविवारी सांगितलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"रविवारी तू विचारलं असतंस, कधी सापडलं म्हणून. मग काय सांगू? की तू सव्वाशे माणसांपुढं खोटं बोलत होतास आणि मी सँडविचं वाटत होते?"

"आई त्या हवेलीत बावीस वर्षं गुडघ्यांवर रांगली, बेरिल."

"मला सांगतोस? तिच्या गुडघ्यांना तेल मीच चोळायचे."

"मग?"

"मग काय मग! ते पोर गेलंय, क्लेम. एकोणीस दिवसांचं होतं. मेलेल्या लेकराच्या नावावर तू तीनशे वर्षांचा संसार मांडलायस."

क्लेमनं चष्मा काढून ठेवला. "घरी जा," तो म्हणाला.

ती गेली. बुधवारी त्यानं फोन उचलला नाही. गुरुवारी ती दप्तरखान्यात गेली तेव्हा शिपायानं सांगितलं, की काल तुमचे भाऊ काठी टेकत आले होते, दिवसभर बसले, कुणाशी बोलले नाहीत. शुक्रवारी तिनं केक केला, अंड्याची सँडविचं केली, सॉसेज रोल भाजले. भावानं तोंड फिरवलं म्हणून सव्वाशे माणसांना उपाशी ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. मात्र करताना ती रडली, आणि रडल्याचा राग येऊन केकवर दुप्पट साखर पेरली.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. हवेलीचे मालक पहिल्या रांगेत बसले. क्लेम मंचावर चढला आणि बहिणीकडं न बघता त्यानं दोरी ओढली. कागद सळसळत खाली आला आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. बारा फुटांचा कागद जेमतेम आठ फूट उरला होता. वरचा भाग कात्रीनं कापलेला होता, तोही वाकडातिकडा. शेंड्यावर राजाचं नाव नव्हतं. एक फुली होती.

"ही ॲलिस," क्लेम म्हणाला. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "विधवा. गावातल्या मेलेल्यांना न्हाऊ घालून गुंडाळायची. हवेलीतलं बाळ गेलं तेव्हा तेही हिनंच गुंडाळलं. मागच्या दारानंच गेली असणार. हिलाही एक थॉमस होता, आमचा तो बूट शिवणारा. तो नऊ वर्षांचा झाल्यावर गावानं त्याला बूट शिवायला शिकण्यासाठी ठेवला, त्याचा करारनामा दप्तरखान्यात आहे, त्यावरही हिचीच फुली. बुधवारी मी तो पाहिला." त्यानं चष्मा काढला. "खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा वीस वर्षांपूर्वी पाहिला होता, आणि परत पाकिटात घालून ठेवला. मला फुली नको होती, मुकुट हवा होता. नियम मी तुम्हा सगळ्यांना शिकवले, पण पाळले एकीनंच. ती तिथं ॲप्रन बांधून उभी आहे. बेरिल, ये इकडं. बघ बरोबर आहे का."

हातातला ट्रे तसाच घेऊन बेरिल मंचावर गेली. डोळे भरून आले होते, म्हणून तिला कागदाच्या अगदी जवळ जावं लागलं.

"ही फुली पेन्सिलनं का काढलीस?"

"तू अजून तो करारनामा बघितला नाहीस ना."

"मंगळवारी बघेन. तोवर शाईला हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई." सगळं सभागृह हसलं. हवेलीचे मालकही हसले.

तेवढ्यात तिला ते नाव दिसलं. फुलीच्या बाजूला, थोडं दूर, कुठल्याच रेघेला न जोडलेलं. वरच्या त्या सगळ्या कोऱ्या जागेत तेवढंच काय ते शाईनं लिहिलेलं होतं, क्लेमच्या सर्वांत सुबक अक्षरात: थॉमस, हवेलीचा. एकोणीस दिवस.

बेरिलनं ट्रे खाली ठेवला. एकतीस वर्षांच्या सवयीनं तिनं बोट टेकवत कागदावरची सगळी पोरं मोजली, वरपासून खालपर्यंत. एकही कमी नव्हतं.