आमचे सर, आणि जोडलेले हात

मी व्हिडिओ पाठवला की सोबत निबंध येतो, अशी आमच्या ऑफिसात चेष्टा चालते. कोण आहे, कुठला आहे, आज का पाठवतोय, किती मिनिटांचा आहे, सगळं आधी लिहितो. वर दिसणारं चित्र स्वतः निवडतो. ज्याच्यासाठी आहे त्याला वेगळा पाठवतो आणि पहिली दोन उत्तरं येईपर्यंत फोन हातातून सोडत नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ही सवय मला कासार आंबोलीत एका रविवारी दुपारी लागली.

सरांची एकसष्टी होती. सर म्हणजे माझ्या मुलाचे शाळेतले गणिताचे शिक्षक. आम्ही लातूरकडून भूगावच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा इथं आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. या माणसाने घरी बोलावून जेवू घातलं होतं. त्या दिवशी एकसष्ट दिव्यांनी औक्षण झालं, हार पडले, अक्षता उडाल्या आणि मी सगळं मोबाइलवर टिपलं. फक्त त्यांची मुलगी नव्हती. तिला सातवा महिना, त्यात बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती लवळ्याला सासरी पडून होती.

“पोरीला दाखवा की हो जरा,” सर म्हणाले.

व्हिडिओ जड होता, जाईना. म्हणून मी तो इंटरनेटवर चढवला आणि सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर (मुलामुळे मीही त्यात होतो) लिंक टाकली. मुलगीही वडिलांच्याच हाताखाली शिकलेली, त्या ग्रुपवर होती, म्हणून तिला वेगळी पाठवली नाही. आळस, दुसरं काय. लिंकखाली लिहिलं, “आमचे सर”, आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. फोन खिशात घातला आणि पंगतीला बसलो.

मठ्ठा वाढत होते तेव्हा खिसा थरथरायला लागला. थांबेचना. काढून बघतो तर, “भावपूर्ण श्रद्धांजली.” त्याखाली, “ओम शांती.” त्याखाली, “असे गुरुजी पुन्हा होणे नाही.”

लिंकने आपलं आपणच व्हिडिओतलं एक चित्र उचललं होतं. अक्षता पडताना सरांनी डोळे मिटलेले, गळ्यात भरगच्च हार, पुढ्यात दिव्यांच्या रांगा. व्हिडिओ एकानेही उघडला नव्हता. आमच्याकडच्या रेंजमध्ये तो उघडायची वाट कोण बघणार? पहिल्याने चित्र पाहून श्रद्धांजली वाहिली, बाकीच्यांनी तीच उचलून खाली चिकटवली.

समोर सर जिलेबी खात होते. मी “सर ठणठणीत आहेत” असं लिहिलं, निरोप जाईना. मुलीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर बंद.

“सर, उठा. हात नंतर धुवा.”

त्यांनी माझ्या फोनवर स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचल्या आणि आधी चक्क हसले. मग त्यांचा चेहरा उतरला.

“पोरीनं बघितलं का?”

“माहीत नाही.”

“गाडी काढा आधी.”

मी स्कूटरवर पुढे, सर मागे. पिरंगुटला रविवारच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. मी हॉर्न वाजवत होतो आणि स्वतःला शिव्या घालत होतो. तिथं रेंज आली तसा माझा निरोप गेला, व्हिडिओही मी काढून टाकला; तिचा फोन मात्र बंदच. पण लोकांनी लिहिलेलं कसं पुसणार? सरांनी गळ्यातला हार तोडून रस्त्याकडेला फेकला. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की कळ येत होती. लवळे फाट्यापर्यंत ते एकच वाक्य बोलले.

“सातवा हाय हो तिला.”

घराचं दार सताड उघडं होतं. मुलगी खाटेवर बसलेली, पायांत चपला, फोन जमिनीवर. सासू तिला दोन्ही हातांनी अडवून म्हणत होती, “आगं, डाक्टर येतोय, तवर तरी बस.” तिला आंबोलीला जायचं होतं. वडिलांचं शेवटचं तोंड बघायला.

सर दारात उभे राहिले. ते जवळ आल्यावर तिने त्यांचे गाल, कान, मान चाचपली. मग त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं.

डॉक्टर आले. पहिल्यांदा बीपी मोजलं आणि गाडी तयार ठेवा म्हणाले. तासाभरात तीनदा मोजलं. तो तास मला आजही नको वाटतो. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टा सोडला आणि “आता बरंय, बाळाचे ठोकेही बरे आहेत” म्हणाले. सरांनी जमिनीवरचा तिचा फोन उचलून खाटेवर ठेवला.

मी कोपऱ्यात उभा होतो. माफी मागायला पुढे झालो, तेवढ्यात तिनेच मान वळवली. आवाजात राग नव्हता, त्याने जास्त लागलं.

“काका, तासभर मला बाप न्हवता. आनखी दोन शब्द लिवायला काय झालं आसतं तुमाला?”